नाटकातला अंधार, हंडीचं पाणी: कॉम्प्रेशनच्या चाचणीसाठी फुटेज निवडण्याचं एक प्रकरण

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये एक छोटी कंपनी आहे. मराठी नाटकांची चित्रीकरणं, कीर्तनं, व्याख्यानं आणि सणासुदीचे थेट कार्यक्रम ती वर्गणीदारांना मोबाईलवर आणि टीव्हीवर दाखवते. संग्रह सगळा एच.२६४ मध्ये. २००३ सालचं हे व्हिडिओ कॉम्प्रेशनचं (म्हणजे चित्र कमी डेटात बसवण्याचं) मानक आजही जवळपास कुठल्याही फोनवर चालतं. पण तितक्याच दर्जाचं चित्र एचईव्हीसी (२०१३) आणि एव्ही१ (२०१८) ही नवी मानकं बऱ्याच कमी बिटरेटमध्ये, म्हणजे सेकंदाला कमी डेटा खर्चून, देऊ शकतात. डेटा पोचवण्याचं बिल वाढत चाललं होतं, त्यामुळे बदल करायचा हे ठरलेलंच होतं. तीन एन्कोडर, म्हणजे हे कॉम्प्रेशन करणारे प्रोग्रॅम, समोर होते आणि त्यांतला कोणता घ्यायचा ते चाचणी करून ठरणार होतं. चाचणीची मांडणी माझ्याकडे आली.

अशा कामात सगळ्यांचा वेळ एन्कोडरच्या सेटिंग्जमध्ये आणि आलेखांमध्ये जातो. फुटेज कोणतं घ्यायचं यावर दहा मिनिटंही कोणी घालवत नाही. माझ्या मते निकाल तिथेच ठरून जातो. या प्रकरणात तो कसा ठरत होता आणि शेवटी काय केलं, ते सविस्तर लिहून ठेवतो आहे. प्रादेशिक भाषांतल्या अनेक छोट्या कंपन्या सध्या नेमक्या याच वळणावर आहेत.

संचालकांची पहिली सूचना अगदी स्वाभाविक होती: सगळं जग जे फुटेज वापरतं तेच घ्या. असं फुटेज फुकट मिळतं आणि चांगलंही आहे. जुन्या पिढीतला ‘फोरमन’ हा ३५२ बाय २८८ पिक्सेलचा तुकडा, बांधकामावरच्या हेल्मेटवाल्या माणसाचा, या क्षेत्रातल्या कित्येक शोधनिबंधांत सापडेल. स्वीडनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने ६५ मिलिमीटर फिल्मवर, सेकंदाला ५० फ्रेम या वेगाने चित्रित केलेले ‘क्राउड रन’, ‘पार्क जॉय’, ‘डक्स टेक ऑफ’ हे तुकडे आजही एन्कोडरला घाम फोडतात. धावणारी गर्दी, झाडांच्या फांद्यांमागून सरकणारा कॅमेरा, पाण्यावरून उडणारी बदकं आणि सगळ्यावर फिल्मचे कण, म्हणजे चित्रभर हलणारा बारीक दाणेदारपणा. ब्लेंडर या मुक्त सॉफ्टवेअरवर बनलेला अ‍ॅनिमेशनपट ‘बिग बक बनी’ (२००८) तर मुक्त परवान्यामुळे घराघरात पोचलेला आहे.

अडचण एवढीच, की यातलं काहीही या कंपनीच्या संग्रहासारखं नाही. ‘बिग बक बनी’ संगणकावर तयार झालेला, त्यामुळे त्यात कॅमेऱ्याच्या सेन्सरचा कणही नाही. रंग स्वच्छ, कडा धारदार. स्वीडनचे तुकडे भर दिवसाच्या उजेडातले. आपल्याकडे मात्र प्रेक्षागृहाच्या मागच्या रांगेतून टेलीलेन्स लावून, गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) चढवून, अर्ध्या अंधारात घेतलेलं नाटक. शितावरून भाताची परीक्षा करतात, पण शीत त्याच पातेल्यातलं हवं.

तरी त्यांतले दोन तुकडे मी ठेवले. आपली चाचणीची यंत्रणाच नीट चालते की नाही हे तपासायला ते लागतात. जगात इतरांनी त्यांच्यावर काढलेल्या आकड्यांच्या जवळपास आपला आकडा यायला हवा. तो खूपच लांब गेला, तर दोष आपल्या मांडणीत आहे असं समजायचं. निवडीच्या निर्णयात मात्र त्यांना मत नाही.

मग संग्रह उघडून बसलो. कंपनीकडे दोन याद्या होत्या. लोक काय किती वेळ बघतात याची एक, आणि दर्जाबद्दलच्या तक्रारींची दुसरी. या दोन याद्या एकमेकींशी अजिबात जुळत नव्हत्या. सर्वात जास्त वेळ बघितली जातात ती कीर्तनं आणि व्याख्यानं: स्थिर कॅमेरा, भरपूर उजेड, एक वक्ता, मागे फलक. कॉम्प्रेशनच्या दृष्टीने अगदी सोपं. तक्रारी येतात त्या नाटकातल्या काळोख्या प्रवेशांच्या आणि दहीहंडीच्या थेट प्रक्षेपणाच्या. ‘चित्र फुटतंय’, ‘मागे डबे दिसतात’, ‘आकाशात पट्टे येतात’.

इथे पहिला खरा निर्णय झाला, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वात महत्त्वाचा. एकच संच करून त्याची सरासरी काढायची नाही. दोन संच वेगळे ठेवायचे. एक रोजचा, म्हणजे बघण्याच्या वेळेच्या प्रमाणात निवडलेला. त्यावरून बिल किती कमी होईल ते कळतं. दुसरा कसोटीचा, त्यावरून कुठे चित्र मोडेल ते कळतं. दोन एन्कोडरची तुलना करताना सहसा ब्यॉन्टेगार्ड यांनी २००१ मध्ये सुचवलेली रीत वापरतात. सारख्या दर्जासाठी बिटरेट सरासरी किती टक्के कमी किंवा जास्त लागतो, ते ती सांगते. आता समजा, व्याख्यानावर एका एन्कोडरने ४० टक्के बचत केली आणि काळोख्या प्रवेशावर १० टक्के जास्त बिटरेट मागितला. दोन्हींची सरासरी येते १५ टक्के बचत. अहवालात हा आकडा छान दिसतो, पण ज्या प्रेक्षकाने तक्रार केली होती त्याचं चित्र आणखी बिघडलेलं असतं. हे संचालकांना पटवायला वेळ लागला. त्यांना एक आकडा हवा होता, आणि धंदा चालवणाऱ्या माणसाला तो हवा असणं मी समजू शकतो. शेवटी त्यांनी दोन आकडे मान्य केले, पण तिसरा मागायचा नाही या अटीवर.

रोजच्या संचात सांगण्यासारखं फार नाही. कीर्तन, व्याख्यान, भरपूर उजेडातलं कौटुंबिक नाटक, संगीताची मैफल, आणि डीव्ही टेपवरून आलेलं एक जुनं नाटक. हे शेवटचं घेतलं कारण संग्रहात तशी बरीच आहेत: ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या), हात हलला की कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा. ते आधी डीइंटरलेस करायचं, म्हणजे त्या ओळींतून सलग फ्रेम बनवायच्या, आणि मगच एन्कोडरला द्यायचं, नाहीतर एन्कोडर त्या रेघा जपण्यातच बिट खर्च करत बसतो.

कसोटीचा संच जमवताना मात्र एकेका तुकड्यावर वाद झाले. त्यांतले दोन तपशिलात सांगतो.

पहिला, पडदा. तिसरी घंटा होते, सभागृहातले दिवे मंदावतात, आणि मखमली गडद लाल पडदा चुण्यांसकट हळूहळू वर जातो. त्याच्या खालून निळ्या उजेडातलं नेपथ्य उलगडतं. प्रेक्षकाच्या दृष्टीने हा नाटकाचा पहिला क्षण. एन्कोडरच्या दृष्टीने जवळजवळ सगळीच संकटं एकदम. व्हिडिओत चित्र लाल-हिरवं-निळं असं साठवत नाहीत. उजळपणा वेगळा आणि रंगाच्या दोन पट्ट्या वेगळ्या ठेवतात. एचडीच्या मानकानुसार उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा अवघा ७. शिवाय रंगाच्या पट्ट्या अर्ध्या रुंदीच्या आणि अर्ध्या उंचीच्या असतात, म्हणजे १९२० बाय १०८० चित्रात रंग फक्त ९६० बाय ५४० इतकाच. गडद लाल पडद्याच्या चुण्या आणि मागच्या निळ्या पडद्यावरची छटा, दोन्हींचा उजळपणा मुळातच तळाला असतो. जो काही तपशील आहे तो रंगात, आणि रंगाकडे एन्कोडर व मापन दोघंही कमी लक्ष देतात.

पीएसएनआर हे मूळ चित्रापासूनचा फरक डेसिबलमध्ये सांगणारं माप (जितकं जास्त तितकं चांगलं) बहुतेक ठिकाणी फक्त उजळपणाचं काढतात. त्या आकड्यावर पडद्याचा तुकडा तीनही एन्कोडरमध्ये उत्तम ठरत होता. रंगाच्या पट्ट्यांचा वेगळा पीएसएनआर काढला तेव्हा त्यांच्यातला फरक दिसला. एकाने चुण्या सपाट करून टाकल्या होत्या. पडदा मखमलीचा न राहता रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखा झाला होता. हाच प्रकार हंडीतल्या भगव्या झेंड्यांच्या कडांना, गुलालाला आणि नऊवारीच्या लाल काठाला होतो. आपल्याकडच्या दृश्यांत लाल-भगवा इतका आहे, की तो रंग भरभरून नसलेला संच मराठी संग्रहासाठी मी पुरा मानणार नाही.

दुसरा तुकडा, अंक संपतानाचा अंधार. प्रकाश दहा-पंधरा सेकंद हळूहळू उतरतो, एका पात्राच्या चेहऱ्यावर स्पॉट राहतो, मागचा पडदा निळ्यातून काळ्यात विरतो. आठ बिटच्या व्हिडिओत उजळपणाच्या ० ते २५५ अशा पायऱ्या असतात, त्यांत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर. मागच्या पडद्याची सगळी छटा या पट्टीच्या तळाशी मोजक्या पायऱ्यांत बसलेली असते. मूळ चित्रात कॅमेऱ्याचे कण असतात, ते या पायऱ्या झाकतात. पण कण एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये सारखे राहत नाहीत. त्यांचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून ते महाग पडतात, आणि एन्कोडर सर्वात आधी त्यांनाच पुसतो. कण गेले की पायऱ्या उघड्या पडतात. पट्टे दिसतात ते असे.

आकडे इथे पूर्ण दिशाभूल करतात. प्रत्येक पिक्सेल सरासरी एका पायरीने चुकला, तरी पीएसएनआर ४८ डेसिबलच्या आसपास येतो, म्हणजे ‘उत्कृष्ट’. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुला केलेला व्हीमॅफ हा दर्जाचा आकडा पुष्कळ बाबतीत डोळ्यांच्या जवळ जातो, पण पट्टे त्यालाही नीट पकडता येत नव्हते. म्हणून त्यांनीच पुढे २०२१ मध्ये खास पट्ट्यांसाठी कॅम्बी हे वेगळं माप आणलं. आम्ही ते लावलं, आणि तक्रारींच्या यादीशी जुळणारा हा पहिला आकडा होता.

फुटेज निवडण्याची एक पुस्तकी रीतही आहे. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) पी.९१० शिफारशीत प्रत्येक तुकड्यासाठी दोन मापं सांगितली आहेत. एका फ्रेममध्ये बारकावा किती हे पहिलं, आणि फ्रेममागून फ्रेम बदल किती हे दुसरं. ती आलेखावर मांडायची आणि तुकडे आलेखभर पसरतील असे घ्यायचे. आम्ही मांडून पाहिलं. हंडी वरच्या कोपऱ्यात गेली, व्याख्यान खाली, हे अपेक्षितच होतं. पण काळोखे प्रवेश सगळेच्या सगळे अगदी तळाच्या डाव्या कोपऱ्यात, ‘सोप्या’ तुकड्यांच्या गर्दीत जाऊन बसले. कडा कमी, हालचाल कमी, म्हणून सोपे. सर्वाधिक तक्रारी मात्र त्यांच्याच. तेव्हा त्या आलेखाचा उपयोग आम्ही एवढ्यापुरताच ठेवला: दोन तुकडे जवळजवळ एकाच ठिकाणी पडले, तर दोघांना शेजारी लावून पाहायचं आणि खरोखरच सारखे असतील तर एक काढायचा.

हंडीबद्दल थोडक्यात. टेंभी नाक्यासारख्या ठिकाणची हंडी म्हणजे पाण्याचे फवारे, उडणारे कागदाचे तुकडे, हजारो हात, आणि मध्ये थरावर थर चढताना जवळजवळ स्थिर असलेला मनोरा. प्रेक्षकाची नजर मनोऱ्यावर असते, बिट खर्च होतात गर्दीवर आणि पाण्यावर. म्हणून तुकडा निवडताना फक्त हंडी फुटण्याचा क्षण घेऊन भागत नाही. त्याआधीचा तो थरारक संथपणाही हवा. वरचा बालगोविंदा उभा राहतो तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येतो का, हे पाहायचं असतं. थेट प्रक्षेपणात बिटरेटला कमाल मर्यादा असते आणि बफरही (डेटाचा तात्पुरता साठा) ठरलेला, त्यामुळे संथपणातून एकदम स्फोटाकडे जाताना एन्कोडर कसा सावरतो तेच कळायला हवं. दहा सेकंदांच्या नेहमीच्या तुकड्यात ते दिसत नाही. हा एक तुकडा आम्ही दोन मिनिटांचा ठेवला.

आता स्रोताचा प्रश्न. कंपनीकडे ज्याला ‘मास्टर’ म्हणत होते, ती निर्मात्यांनी संकलनानंतर पाठवलेली एच.२६४ फाईल होती. मॉनिटरवर ती छान दिसायची. आमच्या चमूतल्या एका अभियंता मुलीने काळ्या पडद्याचा भाग चौपट मोठा करून उजळपणा चढवला, आणि सोळा-सोळा पिक्सेलचे चौकोन ओळीने उभे राहिले. अशा फाईलवर चाचणी केली तर नवा एन्कोडर जुन्याने केलेल्या खुणाच इमानदारीने जपतो आणि त्याबद्दल गुण मिळवतो. शिवाय जुन्याने कण आधीच पुसलेले असतात, त्यामुळे नव्याची बचत खोटी फुगते.

मूळ चित्रीकरण हवं होतं, म्हणजे कॅमेऱ्याच्या कार्डावरचं. तिने कॅमेरामनना फोन लावला.

‘‘दादा, त्या नाटकाचं कार्डावरचं मूळ आहे का हो?’’

‘‘एडिट झालं की कार्डं पुसतो आम्ही, ताई. पण मधल्या कॅमेऱ्याचं ठेवलंय. निर्माते कधीही म्हणतात, जरा परत कापा.’’

त्या सवयीमुळे आमचं काम झालं. मधला कॅमेरा फोर-के, दहा बिट, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणारा. हेही कॉम्प्रेशनच, पण फार सौम्य. आणि फोर-केवरून एचडीवर उतरवताना उरल्यासुरल्या खुणाही बहुतेक विरतात. त्यातून अनकॉम्प्रेस्ड तुकडे काढले. एचडी, सेकंदाला २५ फ्रेम, आठ बिट, रंग अर्ध्या रुंदी-उंचीचा असलेलं चित्र म्हणजे सेकंदाला सुमारे ७८ मेगाबाइट; दहा सेकंदांचे पाऊण जीबीपेक्षा थोडे जास्त. दहा बिटची प्रतही बाजूला ठेवली, ती पुढे फार उपयोगी पडली.

हक्कांचा विषय लोक शेवटी काढतात, तो आधी काढायला हवा. नाटकाचा तुकडा कंपनीच्या आत चाचणीसाठी वापरणं एक, आणि एन्कोडर विकणाऱ्याच्या हातात अनकॉम्प्रेस्ड प्रत देणं वेगळं. निर्माता, लेखक, कलावंत यांच्याशी झालेल्या करारात दुसऱ्याचा उल्लेखही नसतो. हंडीच्या तुकड्यात लहान मुलांचे चेहरे असतात. आम्ही पडद्याचा तुकडा आणि एका रिकाम्या रंगमंचावरचा प्रकाशउतार यांची लेखी परवानगी घेतली आणि विक्रेत्यांना तेवढंच दिलं. बाकीचे कोणालाही दाखवले नाहीत. यात तांत्रिक फायदाही आहे: विक्रेत्याला तुकडे आधी मिळाले, की तो त्यांच्यासाठी सेटिंग जुळवून आणतो. न दाखवलेल्या तुकड्यांवर त्याची खरी कुवत कळते.

डोळ्यांची चाचणीही घेतली. आयटीयूच्या बीटी.५०० शिफारशीत अशा चाचणीला किमान १५ प्रेक्षक सांगितले आहेत, तेही व्हिडिओच्या धंद्यात नसलेले. तसे प्रेक्षक नाट्यगृहाच्या नेहमीच्या रसिकांतून मिळाले. त्यांच्या गुणांत न धरता, वेगळं म्हणून, एका ज्येष्ठ प्रकाशयोजनाकारांनाही बसवलं. अंधाराच्या तुकड्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘‘मी इथे काळोख सरकत आणला होता. हा पायऱ्या उतरत आलाय.’’ कोणता एन्कोडर चालू आहे हे त्यांना माहीत नव्हतं. कॅम्बीने त्याच एन्कोडरला सर्वात वाईट ठरवलं होतं.

निकाल असा लागला. रोजच्या संचावर जो सर्वात काटकसरी ठरला, तो कसोटीच्या संचावर पडदा आणि अंधार या दोन्हींत मागे पडला. दुसऱ्याची बचत थोडी कमी होती, पण चित्र शाबूत राहिलं. त्या दुसऱ्यालाच दहा बिटमध्ये चालवून पाहिलं तेव्हा पट्टे आणखी कमी झाले. दहा बिटमध्ये त्याच काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये चौपट बारीक पायऱ्या मिळतात, आणि मूळ फुटेज आठ बिटचं असलं तरी आतल्या गणितातलं गोळाबेरजेचं नुकसान घटतं. कंपनीने नव्या फोनसाठी आणि टीव्हीसाठी तो दहा बिटमध्ये घेतला. जुन्या फोनसाठी एच.२६४ तसंच ठेवलं, फक्त काळोख्या प्रवेशांना बिटरेट अमुक एका पातळीखाली जाऊ द्यायचा नाही अशी अट घातली.

एक मुद्दा मुद्दाम उघडा ठेवला आहे. एव्ही१ मध्ये कण पुसून टाकून, बघणाऱ्याच्या फोनवर तसेच नवे कण पुन्हा घालण्याची सोय आहे. डोळ्याला ते छान वाटतं, पण नवे कण मूळच्या जागी नसल्यामुळे पीएसएनआर कोसळतो. आमच्या संचाने ही सोय मोजता येत नाही. तिचा निवाडा फक्त प्रेक्षक बसवूनच करता येईल, आणि त्यासाठी जास्त कण असलेले आणखी नाट्यप्रवेश लागतील.

संच आता गोठवलेला नाही. नवा तुकडा आत घेण्याची अट ठरली आहे: एखाद्या तक्रारीशी त्याचा थेट संबंध हवा, कॅमेऱ्यावरचं मूळ हाती हवं, आणि परवानगी कागदावर हवी. गणेशोत्सवानंतर विसर्जनाचा एक तुकडा विचारात आहे. रात्र, पाऊस, गुलाल आणि फोनच्या फ्लॅशचे झटके, चारही एकत्र. जो तुकडा आत येईल त्याची चेकसम फाईल (तुकडा बदलला तर ओळखू येईल असा आकडा असलेली) सोबत ठेवली जाते, कारण कॉपी करताना कोणी चुकून तो पुन्हा एन्कोड केला तर पुढचे सगळे आकडे वाया जातील. कॅमेरामन दादांना मधल्या कॅमेऱ्याची कार्डं ठेवण्यासाठी कंपनीने वेगळी हार्ड डिस्क घेऊन दिली आहे.